पॉलिशची डबी बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू घेतलेल्या फ्रीमेसन एप्रनचे आणि पदकाचे फोटो नीट पाहिले. (फ्रीमेसन म्हणजे एक जुनी बंधुसंघटना; तिचे सभासद समारंभात एप्रन घालतात.) आधी एक कळकळीची विनंती: काहीही घासू नकोस. या वस्तूंवरची खूण न् खूण बोलते आणि घासलं की आधी तीच जाते.

इंग्लंडमध्ये १८१३ साली दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज (लॉज म्हणजे शाखा, ग्रँड लॉज म्हणजे त्यांची वरिष्ठ संस्था) एक झाल्या, त्यानंतर एप्रनचा नमुना ठरून गेला. कोकराचं नुसतं पांढरं कातडं असेल तर नवशिका, म्हणजे पहिली पदवी. दोन निळी फुलं असली तर दुसरी पदवी. तीन फुलं, फिकट निळी किनार आणि दोन्ही बाजूंना सात-सात साखळ्यांचे गोंडे असले तर मास्टर मेसन, म्हणजे तिसरी पदवी. तुझ्या एप्रनवर फुलांच्या जागी उलट्या टी अक्षरासारखे आकार आहेत, म्हणजे हा माणूस लॉजच्या मास्टरच्या, म्हणजे शाखाप्रमुखाच्या, खुर्चीत बसला होता. त्या आकारांभोवती गोल, जास्त पांढरा डाग दिसतोय बघ. तिथे आधी फूल होतं. एकाच एप्रनवर त्याची बढती नोंदली गेली आहे! तो डाग जपायलाच हवा. असं कातडं बहुधा तुरटीत कमावलेलं असतं. पाणी लागलं की तुरटी निघून जाते आणि ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटक, बस्स.

पदक त्याच हुद्द्याचं. गुण्याखाली लोंबणाऱ्या पट्टीवर काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर चौरस कोरलेत: युक्लिडच्या पहिल्या खंडातलं ४७वं प्रमेय, म्हणजे आपलं शाळेतलं पायथागोरस. माजी मास्टरची ही इंग्लिश खूण. मागचे चांदीचे शिक्के दहापट भिंगातून बघ: चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. त्यांच्याच शेजारी वर्ष दाखवणारं एक अक्षर असतं; ते ओळखताना त्याचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकारही जुळव, कारण तीच अक्षरं फिरून फिरून येतात. कोरलेली तारीख त्या वर्षाच्या आधीची निघाली, तर पदक नंतर बनवलेलं आहे.

रेशमी फीत घडी घालून ठेवू नकोस. रेशीम जड करायला त्यात धातूचे क्षार भरलेले असले तर ते घडीवरच तडकतं. आम्लमुक्त कागदाच्या नळीवर सैल गुंडाळ. चांदीजवळ रबर किंवा लोकर नको, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते.

मागच्या छापांचा फोटो पाठव. प्रकाश तिरका टाक, म्हणजे अक्षराची कड उठून दिसेल.

तुझा,
जुना मित्र