अण्णांची उत्तरायुष्यातील कामेही सांगा

महोदय,

महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांच्या स्मृतिदिनानिमित्त (९ नोव्हेंबर) आपल्या अंकात आलेला लेख वाचला. लेख आस्थेने लिहिला आहे. मात्र १९१६ च्या महिला विद्यापीठापाशी तो थांबतो आणि पुढची ४६ वर्षे ‘यथावकाश भारतरत्न मिळाले’ एवढ्यात उरकतो, हे खटकले.

अण्णांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले, याचे कौतुक आपण नेहमीच करतो. परंतु ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची (त्या काळच्या स्थानिक स्वराज्य संस्थेची) शाळा पोहोचली नव्हती तेथे मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून त्यांनी १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी स्वतः हिंडून वर्गणी जमवली, हे क्वचितच सांगितले जाते. पुढे १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. विधवेशी केलेल्या पुनर्विवाहापायी ज्यांना १८९३ मध्ये मुरूड या आपल्याच गावच्या लोकांचा बहिष्कार सोसावा लागला, त्यांच्या बाबतीत हे पाऊल अनपेक्षित म्हणता येणार नाही. अण्णांच्या विधवाश्रमाच्या हिंगण्यातील झोपडीचे छायाचित्र दरवर्षी छापले जाते, त्याला हरकत नाही. पण त्या खेड्यांतील शाळांवर एखादा स्वतंत्र लेख आपण जरूर प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे