पोकलेनचा हँडब्रेक आणि आपली आठ मिलिमीटरची साखळी

प्रति,
संचालक, अवजड वाहतूक विभाग

विषय : २१.५ टनी पोकलेन आपल्या लो-बेड ट्रेलरवर पुढे घसरून झालेलं नुकसान आणि त्यावर आपल्या ग्राहक सेवेने दिलेली उत्तरं

आपल्या ग्राहक सेवेशी पाचवा फोन आत्ताच संपला. सहावा होणार नाही, म्हणून लेखी कळवत आहे. लो-बेड म्हणजे काय, गूसनेक कुठे असतो, हे आपल्याला समजावत बसत नाही. यंत्रं वाहून नेणं हा आपला धंदा आहे, निदान आपल्या पत्रशीर्षावर तसं छापलेलं आहे.

उतारावर चालकाने जोरात ब्रेक दाबला, पोकलेन जागेवरून चाळीस सेंटिमीटर पुढे सरकलं आणि बकेट ट्रेलरच्या पुढच्या उंच मानेवर, म्हणजे गूसनेकवर, आदळली. बकेटची लिंक वाकली, पिनांचे बुश लंबगोल झाले आणि बकेट सिलिंडरच्या रॉडवर लांब चरा उमटला. हा चरा घासून गुळगुळीत केला म्हणून काम भागत नाही. एकदा क्रोमचा थर गेला की रॉड दर वेळी आत-बाहेर होताना सीलची धार कापत राहतो. सील बदललं तरी थोड्याच दिवसांत तेल पुन्हा गळू लागतं. म्हणून मागणी रॉड बदलून देण्याची आहे. "सील किट कुरिअरने पाठवतो" हे उत्तर कृपया परत घ्यावं.

आता बांधणीबद्दल. ती आपल्याच माणसांनी केली. बुकिंगच्या अर्जात वजन २१.५ टन असं स्पष्ट लिहिलं होतं. जोरात ब्रेक लागला तर पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरून ठेवता आला पाहिजे, हा हिशेब आपल्या धंद्यात नवा नाही. म्हणजे पुढच्या दिशेला १७.२ टन. यंत्र पुढे सरकू नये म्हणून जी साखळी मागे ओढून धरते, तशी साखळी आपण एकच लावली, ग्रेड ८० ची, ८ मिलिमीटर जाडीची. तिची बांधणीची क्षमता ४ टन, तीही सरळ ओढीत. ती पंचेचाळीस अंशात खाली उतरवली की पुढच्या दिशेला उरतात जेमतेम २.८ टन. बाकीचं काम घर्षणाने करायचं. पण लो-बेडचा पत्रा उघडा होता, त्यावर पोलादी ट्रॅक, आणि मध्ये तेल. कोरड्या पोलादावर पोलाद असेल तर घर्षणाचा गुणांक ०.२ च्या आसपास मिळतो, तेलकट झालं की ०.१ धरावा. म्हणजे आणखी २.१५ टन. बेरीज पाच टनांच्या आसपास. हवे होते सतरा.

तेरा मिलिमीटरची साखळी १० टन धरते. अशा चार, चारही कोपऱ्यांना, ट्रॅकफ्रेमच्या ठरलेल्या कड्यांत, तिरप्या. पाचवी बकेटसाठी वेगळी. खाली रबरी मॅट टाकली असती तर गुणांक ०.६ झाला असता, म्हणजे एकट्या मॅटनेच १२.९ टन धरले असते. ट्रॅक आणि गूसनेक यांच्यामधली चाळीस सेंटिमीटरची फट दोन लाकडी ओंडके ठोकून बुजवली असती तर यंत्राला सरकायला जागाच उरली नसती. आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांवर थांबून साखळी ताणून धरणारे बाइंडर पुन्हा आवळायचे असतात, कारण ट्रॅकमधला चिखल दबतो, कड्या बसतात आणि ताणलेली साखळी सैल पडते. आपली गाडी कुठेही थांबली नाही. (चहासाठी थांबली असेल. बाइंडरसाठी नाही.)

पत्र्यावर तेल कुठून आलं, हा प्रश्न आपल्या पर्यवेक्षकांनी मोठ्या ऐटीत आम्हालाच विचारला. आपल्याच साखळीतून आलं. ती कड्यात न अडकवता ट्रॅकफ्रेमवरून आडवी फिरवली आणि ट्रॅक फिरवणाऱ्या ट्रॅव्हल मोटरच्या केस ड्रेन होजवर (मोटरमधलं गळतीचं तेल परत नेणाऱ्या नळीवर) आवळली. खाली गोणपाटाचा तुकडासुद्धा नाही. हा होज परतीच्या मार्गाने तेलाच्या टाकीशी जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी तो फाटला की तेल पाझरत राहतं. साखळीने होज कापला, तेल ट्रॅकखाली गेलं, होतं तेवढं घर्षणही संपलं.

आता आजच्या फोनकडे येतो. पहिल्या चार फोनबद्दल काही लिहीत नाही, ते नुसतेच निरुपयोगी होते.

आपल्या प्रतिनिधींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पण गाडी चढवल्यावर तुम्ही हँडब्रेक लावला होता का?"

म्हटलं, पोकलेनला हँडब्रेक नसतो. ट्रॅव्हल मोटरच्या आत स्प्रिंगचा ब्रेक असतो, हायड्रॉलिकचा दाब गेला की तो आपोआप लागतो. आणि तो लागलेलाच होता. ट्रॅक फिरलाच नाही, अख्खं यंत्र ट्रॅकसकट घसरलं.

"मग गिअरमध्ये तरी ठेवायची ना, सर."

म्हटलं, बाई, हे मशीन चाकांवर नाही, चेनवर चालतं.

थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज. मग, "म्हणजे चेन तर होतीच ना, सर? मग मी 'चेन लावलेली होती' असं नोंदवते."

आणि त्यांनी खरोखरच तसं नोंदवलं. दहा मिनिटांनी तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. त्यात लिहिलं आहे की ग्राहकाने चेन असल्याचं मान्य केलं असून हँडब्रेकबाबत समाधानकारक माहिती दिली नाही. एकवीस टनांच्या यंत्राच्या ट्रॅकला आपली कंपनी बांधणीची साखळी समजते, हे आता आपल्याच शिक्क्यानिशी आमच्याकडे लेखी आहे. त्या बाईंना दोष नाही. त्यांच्यासमोरच्या प्रश्नावलीत मोटारगाडीचे प्रश्न आहेत. ती प्रश्नावली अवजड वाहतूक विभागाला कोणी जोडली, तेवढं सांगा.

जास्त लागलं ते वेगळंच. आपल्या पत्रशीर्षावर डायमंड टी ९८० या जुन्या अमेरिकन पुलरचं, म्हणजे अवजड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं, चित्र आहे, त्याखाली परंपरेबद्दल दोन ओळी. ते चित्र काढून टाका. १९४१ ते १९४५ दरम्यान बनलेला तो पुलर, हर्क्युलिसचं १४.७ लिटरचं, १८५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, मागे ४५ टनी ट्रेलर आणि वेग जेमतेम ताशी ३७ किलोमीटर. चार गिअरच्या पेटीमागे तीन गिअरची जोडपेटी होती, ती अवजड भार हळू चढवायला आणि तितक्याच हळू उतरवायला. पाठीवर वजनाची पेटी ठेवायची, कारण दांड्याने ओढायचा ट्रेलर पुलरच्या मागच्या चाकांवर भार देत नाही आणि भाराशिवाय चाकं जागच्या जागी फिरतात. फार मोठं ओझं असलं की उतारावर आणखी एक पुलर मागे जोडायचे, नुसता रोखून धरायला.

आणि आपला चालक? वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून खाली आला. ट्रेलरच्या ड्रमांतून धूर निघत होता. ड्रम तापला की फुगतो आणि ब्रेकशूपासून दूर जातो, ब्रेक दाबणाऱ्या हवेच्या चेंबरच्या दांड्याला जास्त लांब यावं लागतं, ब्रेक ढिला पडतो. मग शेवटच्या वळणावर उरलीसुरली सगळी हवा एकदम दाबायची वेळ येते. यंत्र सरकलं ते तिथेच. आठ मिलिमीटरच्या साखळीवर. हँडब्रेक न लावल्यामुळे नव्हे.

पंधरा दिवसांत पुढील गोष्टी व्हाव्यात : बकेट सिलिंडरचा नवा रॉड, लिंक, पिना आणि बुश, दोन्ही बाजूंच्या ट्रॅव्हल होजची तपासणी, आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून त्यातलं ते "चेन" वाक्य दुरुस्त करणं. न झाल्यास फोटो, मोजमापं आणि आपला तो संदेश विमा कंपनीकडे आणि वकिलांकडे जाईल. पुढच्या महिन्यात दोन रोलर आणि एक डोझर हलवायचा आहे, ते काम आपल्याला देण्याचं ठरलं होतं. आता नाही. डोझरलाही चेन असते, उगाच पुन्हा गोंधळ नको.

आपला,
(बुकिंग क्रमांक पावतीवर आहे)

ता. क. तुटलेली साखळी आणि वाकलेला बाइंडर आमच्याकडेच आहेत. आपला माणूस न्यायला आला तर व्हर्नियर घेऊन यावा. तुटल्या जागेपासून दूरच्या, न ताणलेल्या तीन कड्यांची जाडी आमच्यासमोर मोजून पावतीवर लिहावी, सही करावी, मग साखळी घेऊन जावी.