चिंच-लिंबू लावू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले दोन्ही त्सुबांचे, म्हणजे जपानी तलवारीच्या हातरक्षक चकत्यांचे, फोटो मोठे करून पाहिले. आधी कळकळीची विनंती: चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही त्यांना लावू नकोस. तांब्या-पितळेची भांडी लख्ख घासायचा आपला हात इथे घात करतो. मूठ आणि पातं यांच्यामधल्या या चकतीचं निम्मं मोल तिच्या रंगात असतं.

तुझी काळी, फुलांची त्सुबा शाकुदोची दिसते. शाकुदो म्हणजे तांबं आणि त्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. घासलंस तर खालून निव्वळ तांबूस धातू निघेल. जांभळट काळी झाक येते ती रोकुशो या ताम्रक्षाराच्या उकळत्या द्रावणात. त्याआधी कारागीर धातूला किसलेल्या मुळ्याचा रस लावतात. हा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ, आणि गेला की घरी परत आणता येत नाही. कोरडं मऊ सुती कापड आणि मऊ ब्रश, एवढंच. फुलांमागच्या पृष्ठभागावरचे बारीक दाणे, म्हणजे नानाको, एकेक करून पोकळ टोकाच्या छिन्नीने उठवलेले असतात. भिंगाखाली त्यांच्या ओळी बघ. दाणे बोथट, विरघळल्यासारखे वाटले तर ओतीव नक्कल असण्याची शंका घे.

लोखंडी त्सुबेचं वेगळं. गुळगुळीत काळपट-तपकिरी थर राहू दे. बोटाला भुकटी लागते तो लाल गंज तेवढा काढायचा. डागावर पातळ खनिज तेलाचा थेंब लाव, दिवसभर ठेव, मग हाडाच्या धारदार तुकड्याने हलके खरवड आणि कापडाने पूस. हाड गंजाहून कठीण आणि लोखंडाहून मऊ, म्हणून चरे पडत नाहीत. जपानमध्ये हरणाचं शिंगही वापरतात, पण आपल्याकडे सांबरशिंगाचा व्यापार बंद आहे. बकऱ्याचं हाड उकळून, चरबी काढून वाळव. काम काही आठवडे चालतं. घाईत तारेचा ब्रश फिरवला की चकाकते ओरखडे उरतात, आम्लाने पृष्ठभाग करडा, मेलेला होतो.

कारागिराच्या सहीवर भाळू नकोस, नामवंतांच्या खोट्या सह्या खूप आहेत. त्यापेक्षा मधलं छिद्र बघ. पात्याला घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडांवर ठोकलेल्या खुणा किंवा वर-खाली बसवलेले तांब्याचे तुकडे असतात. त्या नसल्या म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, कारण तलवारीवर कधीच न चढलेल्या त्सुबाही आहेत. १८७६ मध्ये जपानमध्ये तलवार लावून चारचौघांत फिरण्यावर बंदी आल्यावर अनेक कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी शोभेचं धातुकाम करू लागले. छिद्राच्या आतल्या भिंतीवर साच्याची उभी शिवण दिसली, तर मात्र ओतीव नकलेची शंका घे.

पावसाळ्यात सिलिका जेल टाकून डबा बंद ठेव. रबरबँड लावू नकोस, त्यातल्या गंधकाने चांदीचं जडावकाम काळवंडतं.

आता दोन्हींच्या छिद्रांच्या आतल्या भिंतींचे फोटो तिरप्या उजेडात काढून पाठव.

तुझा मित्र