मोबाईलला बंदी आहे, मग ड्रायव्हरच्या हातातल्या सिगारेटला का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाडी चालवताना सिगारेट ओढणं बेकायदेशीर आहे का, असं चारचौघांत विचारलं की कोणी म्हणतं हो हो दंड आहे, कोणी म्हणतं छे, आपली गाडी आपली सिगारेट, पोलिसांचा काय संबंध. खरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी सरळ बंदी नाहीच, जी आहे ती अर्धवट आहे, आणि मला ह्या अर्धवटपणाबद्दलच लिहायचंय.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून कायदा आहे की गाडीत १८ वर्षांखालचं कोणी असेल तर सिगारेट ओढायची नाही, इंग्लंडमध्ये ५० पौंड दंड, आणि ओढणारा शेजारच्या सीटवर असला तरी त्याला न अडवल्याबद्दल ड्रायव्हरलाही दंड होऊ शकतो. स्कॉटलंडने २०१६ मध्ये असाच कायदा आणला, कॅलिफोर्नियात तो २००८ पासून आहे आणि साउथ ऑस्ट्रेलियात २००७ पासून, तिथे तेव्हा वयाची अट १६ होती. हे सगळे कायदे चांगलेच आहेत, मुलांना कोणी विचारत नाही की तुला ह्या धुरात बसायचंय का, आणि ते उठून जाऊही शकत नाहीत. पण नीट बघा, ह्या सगळ्यांत विचार झालाय तो मागच्या सीटवरच्या मुलाच्या फुफ्फुसांचा. मूल उतरलं, ड्रायव्हर एकटा राहिला, की तोच माणूस तीच सिगारेट घेऊन त्याच रस्त्यावर मोकळा! रस्त्यावरच्या बाकीच्यांचं काय?

गंमत नाही, ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेत, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींच्या यादीत खाणंपिणं, मोठ्याने गाणी लावणं ह्यांच्याबरोबर धूम्रपानही लिहिलेलं आहे. म्हणजे धोका माहीत आहे. तरी तो स्वतंत्र गुन्हा नाही, सिगारेटमुळे ड्रायव्हिंग निष्काळजी झालं असं दाखवता आलं तरच कारवाई. भारतातही तसंच. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे आणि त्यात बस-टॅक्सीसारखी सार्वजनिक वाहनं येतात, पण स्वतःच्या खाजगी गाडीबद्दल तो कायदा स्पष्ट काही बोलत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये हातात धरलेल्या मोबाईलचा स्पष्ट उल्लेख आला, सिगारेटचा नाही. सिगारेट ओढूनताणून 'सावध ड्रायव्हरला न शोभणारं ड्रायव्हिंग' ह्या सर्वसाधारण वाक्यात बसवावी लागते, आणि ते कोण करत बसणार?

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. पाकीट काढायचं, एक ओठात धरायची, लायटर शोधायचा, वाऱ्याने विझू नये म्हणून हाताचा आडोसा करायचा, त्यासाठी काही क्षण स्टिअरिंगवर एकच हात किंवा नुसता गुडघा, आणि नजर ज्योतीवर. मग पाच-सात मिनिटं एक हात अडकलेला, गिअर टाकायचा तर सिगारेट त्या हातातून ह्या हातात, इंडिकेटर द्यायचाच राहून जातो. पण सगळ्यात वाईट म्हणजे ती पडते तेव्हा. जळतं टोक निसटून मांडी आणि सीटच्या मधे गेलं की माणूस विचार करत नाही, आपोआप उसळतो, पँट झटकतो, खाली बघतो, पाय कुठल्या पेडलवर आहे ह्याचं भान राहत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, तीन सेकंद खाली बघितलं तर ५० मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. झुरका घेताना त्या टोकाचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, त्यामुळे 'असू दे, नंतर बघतो' असं म्हणायची सोयच नाही, सीट जळायला लागते.

लोक लगेच म्हणतात मग पाणी पिण्यावरही बंदी घाला, गाणी बदलण्यावरही घाला. मला हा मुद्दा पटत नाही. समोर अचानक ब्रेक लागले तर पाण्याची बाटली बाजूला टाकता येते, फार तर सीट ओली होईल. पेटलेली सिगारेट टाकायची कुठे? तिची राख ठराविक वेळाने झाडावीच लागते, मग समोर वळण असो, चौक असो की रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलं असोत. मोबाईल निदान वाजत असला तरी न उचलता वाजू देता येतो.

राख झाडायची म्हणजे बहुतेक जण हात खिडकीबाहेर काढतात. बाईकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कारच्या मागे चालताना पुढून लाल ठिणग्या येतात, हेल्मेटची काच वर असेल तर डोळ्यात राख जाते, डोळा मिटला की हँडल हलतं, आणि पुढच्याला काहीच पत्ता नसतो, तो निघून गेलेला असतो. माझ्याबरोबर हे झालेलं आहे, मागून ट्रक येत होता, त्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून मी आज लिहितोय. थोटूक बाहेर फेकलं तर ते वाऱ्याने मागच्या उघड्या खिडकीतून परत त्याच गाडीत येऊ शकतं आणि सीट पेटू शकते. सुक्या गवतात पडलं तर वणवा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये जळतं थोटूक गाडीतून फेकलं तर दंडाबरोबर लायसन्सवर दोषाचे पॉइंट लागतात, कारण वणवा काय असतो ते त्यांनी भोगलंय.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज आहे की काच थोडी खाली केली की धूर निघून जातो. सगळा जात नाही. गाडीतली जागा एवढीशी, हवा फिरून मागच्या सीटवर येते आणि तिथेच चाइल्ड सीट असते. शिवाय धुराचा चिकट थर सीटच्या कापडात, छताला आणि पुढच्या काचेला आतून बसतो, रात्री समोरून हेडलाइट आले की ती काच दुधाळ दिसायला लागते. दुसऱ्याच्या धुराने जगात वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ट्रकवाल्यांची अडचण मला समजते. रात्रभर गाडी चालवायची, झोप येते, सिगारेटने तरतरी येते, आणि सवय असलेल्याला नाही मिळाली तर चिडचिड होते, तेही धोक्याचंच. पण त्यावर उपाय गाडी बाजूला घेऊन थांबणं हाच आहे, ओढायची तर खाली उतरून ओढा, पाय मोकळे होतील. ज्याला झोप येतेय त्याला थांबायला जागा आणि मालकाकडून वेळ मिळाला पाहिजे, ह्यासाठीही कायदा हवा, आणि तो आधी हवा असं कोणी म्हणालं तरी माझी हरकत नाही.

माझी मागणी साधी आहे. गाडी चालू असताना ड्रायव्हरच्या हातात किंवा ओठात पेटलेली सिगारेट, विडी असेल तर तेवढंच पुरे, दंड आणि लायसन्सवर नोंद, धोका सिद्ध करायची अट नको. व्हेप म्हणजे ई-सिगारेटही त्यातच घ्यावी, इंग्लंडच्या २०१५ च्या कायद्यातून ती सुटली होती आणि काचेसमोर ढग तर तिचा जास्त मोठा होतो. मुलं असतील तर गाडीत कोणीच ओढायची नाही, उभ्या गाडीतही नाही. पकडणार कसं हा प्रश्न मला फार अवघड वाटत नाही, मांडीवर लपवलेल्या मोबाईलपेक्षा खिडकीबाहेर आलेला हात आणि धूर लांबून दिसतो.

आणि कायदा होईल तेव्हा होईल, तोपर्यंत अपघाताच्या पंचनाम्यात ड्रायव्हर मोबाईलवर होता का हे बघतात तसं गाडीत जळती सिगारेट, ताजी राख, सीटवर नवीन भाजल्याची खूण होती का हेही लिहायला सुरुवात करावी, त्याला नवीन कायदा लागत नाही. आणि तुमच्या बातमीदारांनीही अपघाताची बातमी देताना पोलिसांना हा एक प्रश्न विचारावा अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक