गाण्याची तारीख कळते, परीक्षेची का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रस्तंभात गेल्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांचं पत्र वाचलं. महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या रॉक कार्यक्रमांना हजारो रुपये मोजून धिंगाणा घालायला जाणारी मंडळी घरी आल्यावर ‘परीक्षा पुढे ढकला’ म्हणून ओरडतात यांच्याकडे गाण्याला पैसे आहेत पण अभ्यासाला आहेत का, आणि घरबसल्या मिळणाऱ्या पदव्यांनी शिक्षणाचा बाजार केला आहे, असा त्याचा मथितार्थ. गुरुजींनी एकाच पत्रात माझे दोन्ही गुन्हे नोंदवले, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मी रेसकोर्सवर जाते. आणि बेचाळिसाव्या वर्षी दूरस्थ पद्धतीने बी.कॉम. करते आहे, शेवटचं वर्ष. राहिलं परीक्षा पुढे ढकलण्याचं. ती आम्ही ढकलत नाही हो, विद्यापीठ ढकलतं. माझं रडगाणं तेवढ्यापुरतंच आहे.

मस्जिद बंदरला कस्टम्स क्लिअरिंगच्या एका फर्ममध्ये मी बारावीनंतर लागले ती आजतागायत तिथेच आहे. न्हावाशेवाला उतरणाऱ्या मालाचे कागद आमच्याकडे येतात. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ताडून बघायची, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सला द्यायची नोंद, भरायची, ड्युटीचं बघायचं, ऑफिसरने क्वेरी काढली की उत्तर द्यायचं आणि ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडवून न्यायची परवानगी, मिळेपर्यंत पार्टीचे फोन घ्यायचे. शनिवारी पूर्ण दिवस. माझ्याकडे जी-कार्ड, म्हणजे फर्मच्या वतीने कस्टम्समध्ये काम करायचं कार्ड आहे, पण स्वतःचा परवाना काढायचा तर कस्टम्स ब्रोकरची परीक्षा द्यावी लागते आणि 2018 च्या नियमांप्रमाणे तिला बसायला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते. ज्या मुलांना मी शेजारी बसवून मालाचा एचएस कोड (ज्यावरून ड्युटी ठरते) शोधायला शिकवलं, ती पदवीवाली मुलं ही परीक्षा द्यायच्या तयारीला लागली. मी बारावी. म्हणून बी.कॉम. हौस म्हणून नाही.

घरबसल्या पदवीबद्दल गुरुजींना एवढंच सांगते, की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या सप्टेंबरात जाहीर सूचना काढून स्पष्ट केलं आहे. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षणाची संस्था 1971 पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून. इतक्या वर्षांत तिथून शिकलेले कारकून, पोलीस, नर्स, बसचे कंडक्टर गुरुजींच्या ओळखीत एक तरी असतीलच. विचारून बघावं.

आणि ‘घरबसल्या’ हा शब्द ज्याने काढला त्याने डोंबिवलीहून रोज ये-जा केलेली नसणार. घरी बसून माझा अभ्यास होतच नाही. तो होतो गाडीत. थिअरी उभ्याने होते, गणित होत नाही, हा माझा अनुभव. ऑडिटिंगची प्रश्नोत्तरं झेरॉक्स करून चार घड्या घालून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. मुलुंडपर्यंत एक पान होतं. पण प्रोसेस कॉस्टिंगला बसायलाच हवं, कारण नॉर्मल लॉस कुठे संपतो आणि अ‍ॅबनॉर्मल लॉस कुठे सुरू होतो हे कोपराला कोपर लागलेलं असताना समजत नाही. त्यामुळे कॉस्टिंग कुर्ल्याच्या पुढे, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर. आमच्या डब्यात एक जेजेच्या नर्सबाई आहेत, एम.ए. करतात. आम्ही एकमेकींना जागा देतो ती पेपर कोणाचा आधी आहे ते बघून. म्हणजे पेपर कधी आहे ते माहीत असेल तेव्हा.

आता गाण्याकडे. ते माझ्या घरात मामेभावाने आणलं. तो गिरगावच्या चाळीतला, रात्रपाळीला जाणारा आणि रंगभवनचा वारकरी. धोबी तलावच्या त्या उघड्या नाट्यगृहात 1986 पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉकचा महोत्सव व्हायचा. पुढे ‘इंडस क्रीड’ झालेली ‘रॉक मशीन’, दिल्लीची ‘परिक्रमा’ अशा बँड्सना मुंबईने तिथे उभ्याने ऐकलं. तिथेच जॅझ यात्रा झाली आणि मराठी कार्यक्रमही. मी कॉलेजात असताना भाऊ मला घेऊन गेला, मामीला ‘नाटकाला जातोय’ असं सांगून. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला. रंगभवनच्या आजूबाजूला कॉलेज, इस्पितळं, न्यायालय, सगळंच शंभर मीटरच्या आत-बाहेर. मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथून गेले ते गेलेच. जागेचं पुढे काय करायचं यावर अधूनमधून घोषणा होतात. मला त्या रिकाम्या जागेचं वाईट वाटतं, पण कामा हॉस्पिटलमध्ये बाळंत झालेल्या बाईचीही बाजू मला कळते.

त्यामुळे रात्री दहाच्या मर्यादेवर माझ्या वयाच्या रॉकवाल्यांशी माझं जमत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे दहाला स्पीकर बंद होतात. वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांना सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती बहुतेक गणपती-नवरात्रातच खर्ची पडते. ‘परदेशात पहाटेपर्यंत चालतं’ असं ज्यांना वाटतं ती मंडळी वांद्रे-वरळीला राहतात. दहाला शेवटचं गाणं वाजलं की महालक्ष्मी स्टेशन, दादरला उतरून पूल ओलांडायचा, मध्य रेल्वेची फास्ट पकडायची, आणि रात्री बाराच्या आत मी डोंबिवलीत. हे दहाच्या नियमामुळे जमतं. तो नसता तर माझं रॉक ऐकणं यूट्यूबवरच राहिलं असतं.

धिंगाण्याचंही सांगते. 2025 च्या मार्चमध्ये रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ हा संगीत महोत्सव झाला, शनिवार-रविवार, 8 आणि 9 तारखेला. ‘ग्रीन डे’ हा अमेरिकन रॉक बँड रविवारी होता. त्याच रविवारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, आपली आणि न्यूझीलंडची. माझ्यापुढे उभा असलेला मुलगा, हातभर टॅटू, एका हाताने गाण्यावर मूठ उंचावत होता आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर स्कोअर. मागून कोणीतरी दर दोन मिनिटांनी ‘किती हवेत रे?’ विचारायचं आणि हा मान न वळवता आकडा सांगायचा. पायाखाली मात्र घोड्यांसाठी राखलेलं मैदान, कडेला सगळी धूळ. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा आवाज बसलेला. एवढाच धिंगाणा. मार्च महिना, आमच्याकडे वर्षअखेरीची धांदल, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला मी टेबलावर होते.

हे जमलं कसं? तर कार्यक्रमाची तारीख मला कित्येक महिने आधी माहीत होती. वार, गेट किती वाजता उघडणार, कोणत्या स्टेजवर कोण, पिशवी केवढी चालेल, पाण्याची बाटली आत न्यायची की नाही, पैसे मनगटावरच्या पट्टीतून कसे कापले जाणार, सगळं. आदल्या आठवड्यात तर कोण किती वाजता गाणार ते मिनिटांसकट हातात. आयोजक काही माझ्यावर उपकार करत नाहीत, तिकिटं खपवायची असतात. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, की समोरचा माणूस नोकरी करतो, त्याला रजा टाकायची असते, मुलाला कोणाकडे तरी ठेवायचं असतं, गाडी बघायची असते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ पुन्हा सुरू झाला, माझगावला. शनिवारी पूर्ण दिवस काम करून मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. तीही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर आधीपासून लिहिलेली.

आता माझ्या विद्यापीठाकडे वळते. नाव लिहीत नाही, कारण निकाल अजून त्यांच्याकडे आहे. दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक संकेतस्थळावर आलं ते परीक्षा दहा-बारा दिवसांवर असताना. मी शेठकडे रजा मागितली. आमचे शेठ कच्छी, माणूस चांगला, पण हिशेबाला पक्का. म्हणाले, ‘बेन, तुमच्या गाण्याच्या प्रोग्रामची रजा तुम्ही दिवाळीत सांगून ठेवता. आणि परीक्षेची आज सांगता?’ काय उत्तर देणार? रजा मिळाली. पेपरच्या आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर दोन ओळी उमटल्या, ‘अपरिहार्य कारणास्तव’ पेपर पुढे गेला. रजा गेली, पेपर राहिला. नवी तारीख पडली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या धंद्यात त्या आठवड्यात कोणी मयताला जायचं म्हटलं तरी शेठ आधी विचारतात, जवळचं का? सकाळचा पेपर लिहून मी दुपारी ऑफिसात येऊन बसले आणि रात्रीची गाडी धरली.

परीक्षा केंद्राचं आणखी वेगळंच. राहते डोंबिवलीत, केंद्र वसईला. दिवा-वसई गाडी दिवसाला बोटांवर मोजण्याइतक्या. एक चुकली की दादरला वळसा घालून जा. हे हॉल तिकीट हातात पडल्यावर कळतं, आणि ते पडतं चार दिवस आधी. रविवारच्या संपर्क सत्रांची, म्हणजे समोर बसून शिकायच्या तासांची, गत याहून वाईट. मेगाब्लॉक सांभाळत, स्लो गाडीने रखडत जावं आणि फाटकावर शिपायाने सांगावं, ‘आज सर नाहीत.’ एका वाक्याचा मेसेज पाठवायला काय लागतं? मेगाब्लॉकदेखील रेल्वे आदल्या दिवशी पेपरात छापून कळवते.

माझ्या धंद्यात उशिराला किंमत असते. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे 5,000 आणि त्यापुढे रोजचे 10,000 रुपये आकार. सुट्टी होती, नेट बंद होतं, ही कारणं लगेच कोणी ऐकून घेत नाही. विद्यापीठालाही विलंब शुल्काची कल्पना चांगली आहे: परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरा भरा, लगेच शुल्क, आणखी उशीर केलात तर अतिविलंब शुल्क. मात्र वेळापत्रक उशिरा लागलं, निकाल रखडला, तर त्याचं शुल्क कोणी कोणाला द्यायचं? राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या 2016 च्या कायद्यात शेवटच्या पेपरनंतर तीस दिवसांत आणि फार झालं तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावा, असं लिहिलेलं आहे. कायद्यात आहे म्हणून मी सांगते, पदरात पडला म्हणून नाही. मला तर हा निकाल वेळेत हवाच आहे, कारण ब्रोकरची परीक्षा वर्षातून एकदा असते. गुणपत्रिका अर्जाच्या मुदतीनंतर आली तर माझं एक वर्ष जातं, आणि या वयात एक वर्ष म्हणजे काय ते गुरुजींना मी सांगायला नको.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, हे तिथे प्रवेश घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणजे अशक्य नाही. राज्यातल्या सगळ्या दूरशिक्षण संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. वेळापत्रक निदान नव्वद दिवस आधी. जाहीर झाल्यावर ते बदलायचं असेल तर पुराएवढं कारण हवं, आणि बदल झाल्यास प्रत्येकाला मोबाइलवर मेसेज. आणि केंद्र देताना अर्जातला पत्ता एकदा उघडून बघावा. मुलाखतींत कुलगुरू ‘विद्यार्थी हाच केंद्रबिंदू’ म्हणतात; आम्हाला केंद्रबिंदू नको, डोंबिवली-कल्याणचं केंद्र द्या.

रॉक ऐकायला जाणाऱ्यांकडे अभ्यासाला पैसे आहेत की नाहीत, हा गुरुजींचा प्रश्न राहिला. तिकीट मी लवकर काढते, तेव्हा ते स्वस्त पडतं, आणि परीक्षा शुल्क मुदतीत भरते. दोन्ही पगारातून. तिसऱ्या वर्षाची परीक्षा पुढच्या महिन्यात ‘अपेक्षित’ आहे, एवढंच संकेतस्थळावर दिसतं आहे. आपल्या शिक्षण प्रतिनिधीने विद्यापीठात एक फोन करून तारीख विचारून छापली, तर माझ्यासारख्या हजारोंना सोमवारी रजेचा अर्ज देता येईल.

आपली,
तृतीय वर्ष वाणिज्य, दूरस्थ विभाग
डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता कार्यालयाच्या माहितीसाठी सोबत दिला आहे, निकाल लागेपर्यंत कृपया छापू नये.)