पश्चिम घाट मसुदा : हरकती-सूचना लिहिण्यासाठी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा काढली आहे. ही सहावी खेप! सहा राज्यांतले सुमारे ५६,८२५ चौ. किमी. त्यात येते, पैकी महाराष्ट्रातले १७,३४० चौ. किमी. हरकती-सूचनांसाठी मुदत ६० दिवसांचीच आहे.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. त्याआधी एवढे कराच :

• आपले गाव मसुद्यातल्या गावांच्या यादीत आहे का, ते पाहून या.
• मसुदा वाचा. त्यात खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर बंदी आहे. चालू खाणी पाच वर्षांत बंद करायच्या आहेत. २०,००० चौ. मी. व त्यावरील नवी बांधकामेही नाहीत. राहत्या घराची दुरुस्ती किंवा मालकी-बदल मात्र अडत नाही. ते अडेल असे फिरणारे मेसेज कृपया पुढे पाठवू नका.
• पत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. गेल्या वेळी आपण एकाच मजकुराच्या झेरॉक्स पाठवल्या, ती चूकच झाली.

रोजगार हवा की जंगल, एवढ्यावर थांबू नका. कोणता झरा, कोणता रस्ता, कोणता उद्योग, ते नावानिशी लिहा.

– कार्यवाह