शब्दकोश माझ्याकडे वळवून धरणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. गेल्या शनिवारी पुणे नगर वाचन मंदिरात नोकरीचा अर्ज घेऊन तुमच्या समोर बसले होते, ती मी. "एवढं एकच वाक्य बघाल का?" हे विचारायला मला अर्धा तास लागला.

कारण तेच वाक्य आधी दोघांना दाखवून झालं होतं. इंग्रजीच्या क्लासमधल्या सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, सगळे हसले, आणि काय चुकलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ऑफिसातल्या सीनियर मॅडम न वाचताच म्हणाल्या, "चालतंय गं." फी घेऊन हसणाऱ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

वाक्य होतं, ‘आय हॅव पास्ड आउट इन २०११’. आपल्याकडे सगळे असंच बोलतात. तुम्ही आधी विचारलंत, "मराठीत काय म्हणायचंय तुला?" मग सांगितलंत, की साल लिहिलं की ‘हॅव’ निघतं, साधा भूतकाळ येतो. पण ‘आय पास्ड आउट’ व्याकरणात बसलं, तरी इंग्रज माणूस समजेल की ही २०११ साली चक्कर येऊन पडली.

मी विचारलं, "मग खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेड म्हणतात, ते?"

तुम्ही हसला नाहीत. "बरं आठवलं तुला. थांब, बघूनच घेऊ," म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठलात, कपाटातला जाडजूड शब्दकोश आणलात आणि पान माझ्याकडे वळवून धरलंत. तुम्हाला ते उलटं वाचावं लागत होतं! लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणे, हाही अर्थ तिथे होता. "म्हणजे तिथे बरोबर आहे. तू बी.कॉम. झालीस ना? मग ‘ग्रॅज्युएटेड’ लिही."

३६ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याचं तुम्ही निघताना सांगितलंत. बाई, मला ते उलटं धरलेलं पान विसरता येत नाही. माझ्या आईला बँकेत स्लिप भरून देणारा एक मुलगा असाच होता, प्रत्येक रकाना वाचून दाखवायचा. अशी माणसं भेटली की पुढचं विचारायला धीर येतो.

अर्ज पाठवला. शेवटच्या ओळीत ‘लुक फॉरवर्ड टु’ नंतर ‘हिअर’ लिहिलं होतं. शब्दकोश उघडला, खोडलं, ‘हिअरिंग’ केलं. शनिवारी येतेय, तुम्हाला दाखवायला.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची